यादी कुणाची?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला 'तंत्रशिक्षणात शाखेची निवड' या विषयावर बोलायला का बोलावलं, असा प्रश्न काहींना पडला असेल. मलाही पडला होता. पण 'निवड' हा आमचाच जुना शब्द आहे. ॲरिस्टॉटलने त्यावर नीतिशास्त्राच्या ग्रंथात अख्खा विभाग खर्ची घातलाय. तेव्हा शाखेचं तुम्ही बघा, निवडीचं मी बघतो.

एका प्रसंगापासून सुरुवात करतो. मागच्या जूनमधली गोष्ट. माझ्या भाचीची मुलगी लॅपटॉप घेऊन घरी आली. जेईई ॲडव्हान्स्डचा निकाल लागला होता, रँक चांगला होता, घरात पेढे वाटून झाले होते. म्हणाली, "आजोबा, चॉइस फिलिंग करायचंय. तुम्ही फक्त एकदा नजर टाका." एक्सेलमध्ये 112 ओळींचा तक्ता. प्रत्येक ओळीत एक संस्था आणि एक शाखा. 37 व्या ओळीत एका आयआयटीचं केमिकल, 38 व्या ओळीत दुसऱ्या आयआयटीचं मेटलर्जी. मी सहज विचारलं, "बाळा, केमिकल वर का गं?"

"मागच्या वर्षी ते आधी बंद झालं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे जास्त वरच्या रँकच्या मुलांनी ते घेतलं होतं."

"आणि त्यांनी का घेतलं?"

ती हसली. म्हणाली, "त्यांनी त्याच्या मागच्या वर्षीचा तक्ता बघितला असेल."

मंडळी, आजच्या भाषणाचा गाभा त्या मुलीने एका वाक्यात सांगितला. पुढचा पाऊण तास मी त्याचाच विस्तार करणार आहे.

आधी ही पद्धत काय आहे ते समजून घेऊ. 2015 पासून आयआयटी, एनआयटी आणि केंद्राच्या अशा इतर संस्थांच्या जागा एकत्र वाटल्या जातात. ते काम करणाऱ्या यंत्रणेला मुलं 'जोसा' म्हणतात. विद्यार्थ्याने आपल्या पसंतीचा क्रम भरायचा, संगणक रँकप्रमाणे जागा देतो, आणि हे अनेक फेऱ्यांत चालतं. त्यामागचं गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ले या दोघांच्या 1962 च्या एका छोट्या निबंधातून आलेलं आहे. शॅप्लेंना 2012 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. या गणिताचा एक गुण फार सुंदर आहे. विद्यार्थ्याने खरी पसंती लिहावी, यातच त्याचं हित असतं. डावपेच करून काही मिळत नाही. 'वरचं मिळणार नाही, म्हणून खालचं आधी लिहितो' असली हुशारी इथे चालत नाही.

म्हणजे यंत्र प्रामाणिक आहे, आणि ते तुम्हालाही प्रामाणिक राहू देतं. माझी तक्रार यंत्राबद्दल नाहीच. ते एकच गोष्ट विचारत नाही, आणि विचारू शकतही नाही: ही पसंती तुझ्याकडे आली कुठून?

जागा मिळाल्यावर मुलाला तीन शब्दांतून एक निवडायचा असतो. फ्रीझ, फ्लोट आणि स्लाइड. फ्रीझ म्हणजे मिळालं ते पक्कं. फ्लोट म्हणजे कुठल्याही संस्थेतलं वरच्या पसंतीचं मिळालं तर चालेल. स्लाइड म्हणजे संस्था हीच, पण वरच्या पसंतीची शाखा मिळाली तर हवी. तिन्ही शब्द त्या यादीवरच्या हालचालीचे आहेत. 'मला अजून कळलेलं नाही' या साध्या, खऱ्या उत्तराला त्या पडद्यावर जागा नाही. आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा तेच असतं!

आता एक विरोधाभास बघा. रँक जितका वर, तितकी निवडीची मोकळीक जास्त. पहिल्या क्रमांकाच्या मुलाला देशातलं कुठलंही दार उघडं असतं. मग तिथे सगळ्यात जास्त विविधता दिसायला हवी की नको? कुणी भौतिकशास्त्राला, कुणी विमानविद्येला, कुणी स्थापत्याला. प्रत्यक्षात उलटं होतं. पवईच्या कॉम्प्युटर सायन्सच्या खुल्या गटाच्या जागा पहिल्या शंभर रँकच्या आतच संपतात. ज्यांना सगळं मोकळं, ते जवळजवळ सगळे एकाच दारात रांगेत! आणि ज्याला भौतिकशास्त्र खरोखर आवडतं, त्याला घरातून काय ऐकायला मिळतं? "एवढा रँक आलाय, आणि फिजिक्स घेऊन वाया घालवणार?"

हे 'वाया घालवणं' काय आहे, यावर मी बराच विचार केलाय. रँक म्हणजे जणू नोट. शंभराची नोट देऊन ऐंशीची वस्तू घेतली तर वीस रुपये बुडाले. शाखेची किंमत म्हणजे ती घ्यायला लागणारा रँक. मग आवडीचा प्रश्नच उरत नाही, हातातल्या नोटेत जी सगळ्यात महाग वस्तू येते ती घ्यायची. निवड हे परीक्षेचं बक्षीस ठरलं. आणि बक्षीस कुणी वापरून बघत नाही, ते शोकेसमध्ये ठेवतात.

ही किंमतही काही कायमची नसते. माझ्या तरुणपणी कोयनेचं धरण उभं राहिलं, पिंपरी-चिंचवडला कारखाने आले. तेव्हा सिव्हिल आणि मेकॅनिकलचा मुलगा म्हणजे लग्नाच्या बाजारातसुद्धा वरचा. कानपूरच्या आयआयटीत 1963 मध्ये संगणक आला, तेव्हा त्या खोलीभर यंत्राकडे बघून किती पालकांच्या तोंडाला पाणी सुटलं असेल? आज ज्या तक्त्याला आपण विधिलिखित समजतो, तो फार तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या बाजाराचा आलेख आहे.

आता जरा अवघड जागी येतो. हे सगळं मी फार शहाणा म्हणून सांगत नाहीये. साधारण वीस वर्षांपूर्वी एक जुना विद्यार्थी आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आला होता. मुलाला दगडांचं वेड. सह्याद्रीत भटकायचा, बेसाल्टच्या पोकळीत सापडणारे झिओलाइटचे स्फटिक गोळा करायचा, बुटांच्या खोक्यांत कापसावर ठेवायचा, प्रत्येकावर चिठ्ठी. रँक असा होता की खरगपूरचं भूशास्त्र मिळत होतं, आणि दुसरीकडे एका नव्या संस्थेत कॉम्प्युटरही मिळत होतं. बापाने विचारलं, "सर, तुम्हीच सांगा." आणि मी, ॲरिस्टॉटल शिकवणारा माणूस, काय सांगितलं? "कॉम्प्युटर घे. दगड काय, छंद म्हणून राहतीलच."

तो मुलगा आता परदेशात आहे, उत्तम चाललंय. चार वर्षांपूर्वी भेटला, पाया पडला, सगळं व्यवस्थित. निघताना सहज म्हणाला, "सर, दगड मात्र राहून गेले." तक्रारीचा सूर नव्हता. म्हणून जास्त लागलं. त्या दिवशी मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. त्याची खोकी बघायला मागितली नव्हती. मीही मनातल्या मनात तक्ताच बघितला होता.

कुणी म्हणेल, मग उत्तर सोपं आहे. मनाचं ऐका. 'थ्री इडियट्स'ने सांगितलंच आहे. तर आता त्या सिनेमाकडे वळू. 2009 साली आला, घराघरांत बघितला गेला, आणि शाखानिवडीवर आपल्याकडे जे काही तत्त्वज्ञान बोललं जातं त्यातलं निम्मं त्यातून आलंय. त्यातला फरहान इंजिनिअरिंग सोडून वन्यजीवांचा छायाचित्रकार होतो. टाळ्या! मीही वाजवल्या. पण नीट बघा. फरहानला काय हवं ते आधीपासून माहीत आहे. त्याचं पत्रसुद्धा लिहून तयार आहे, टाकायचं तेवढं राहिलंय. त्याला हवं आहे ते धैर्य. आता मला सांगा, तुमच्या आजूबाजूला किती मुलं फरहानसारखी आहेत? दहावीपासून क्लास, मग दोन वर्षं पुन्हा क्लास, सकाळी सहा ते रात्री दहा. या मुलांनी आवड लपवून ठेवलेली नाही. ती निर्माण व्हायला सवडच मिळालेली नाही. त्यांना 'मनाचं ऐक' म्हणणं म्हणजे रिकाम्या विहिरीत पोहरा सोडायला सांगणं. मुलगा ऐकायला जातो, आत काहीच आवाज येत नाही, आणि मग आपल्यातच काहीतरी कमी आहे असं समजून आणखी खचतो.

पण त्याच सिनेमात याचं उत्तरही आहे, आणि त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. रँचोला यंत्रांचं प्रेम कसं जडलं? तो बागेत काम करणाऱ्याचा पोर. शाळेच्या पटावर नाव नाही. मालकाच्या मुलाचा गणवेश घालून तो मनाला येईल त्या वर्गात जाऊन बसायचा. आज या इयत्तेत, उद्या त्या. पटावर नाव नाही, म्हणून त्याला कुठल्याच वर्गाची बेडी नाही! दिग्दर्शकाने बहुधा गंमत म्हणून टाकलेला हा भाग मला अख्ख्या चित्रपटात सगळ्यात खोल वाटतो. रँचोला आवड 'सापडली' नाही, ती वर्गावर्गांतून हिंडून तयार झाली. सिनेमा सांगतो मनाचं ऐका. त्याची गोष्ट मात्र सांगते, आधी चार वर्गांत बसून या.

आणि इथे मला जॉन स्टुअर्ट मिलची आठवण होते. मिल म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं जेईईचं मूल म्हणा ना. बाप जेम्स मिल यांनी सगळं ठरवलं. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन. सतराव्या वर्षी बापाच्याच कचेरीत, ईस्ट इंडिया कंपनीत, नोकरीला लावून दिला. म्हणजे प्लेसमेंटसुद्धा झाली! आणि विसाव्या वर्षी, 1826 मध्ये, या मुलाने स्वतःला एक प्रश्न विचारला: ज्या उद्दिष्टांसाठी मी वाढलो, ती सगळी या क्षणी पूर्ण झाली तर मी सुखी होईन का? आतून उत्तर आलं, नाही. पुढे कित्येक महिने तो काळोखात होता. आत्मचरित्रात त्याने हे लिहून ठेवलंय. त्याला बाहेर काढलं ते अभ्यासक्रमाबाहेरच्या वाचनाने, त्यात वर्ड्‌सवर्थच्या कविता होत्या.

या मिलनेच पुढे एक कसोटी सांगितली. दोन सुखांपैकी वरचं कुठलं, हे ठरवायचा अधिकार कुणाला? ज्याने दोन्ही चाखली आहेत त्याला. साधी गोष्ट आहे. आंबा आणि फणस यांत काय चांगलं, हे ज्याने फणस खाल्लाच नाही त्याने सांगू नये. ही कसोटी शाखेला लावून बघा. मेटलर्जी आणि केमिकल, दोन्ही चाखलेला माणूस या निवडीत कुठे आहे? मुलाने दोन्ही चाखलेली नाहीत. आईबापांनी नाहीत. क्लासवाल्याने नाहीत. आणि जाता जाता, याच मिलच्या वडिलांनी हिंदुस्थानचा जाडजूड इतिहास लिहिला होता, आयुष्यात एकदाही इथे पाऊल न टाकता. आपल्याकडे शाखांचा मोठा-लहानपणा ठरवणारे बहुतेक जण याच परंपरेतले.

आपल्याकडे आणखी एक सल्ला असतो, स्वधर्माचा. पण गीता उघडून क्रम बघा. अर्जुनाला निवड कधी करायला सांगितली? सगळं सांगून झाल्यावर, अठराव्या अध्यायात. नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर, असं. आपण पहिला अध्याय सुरू व्हायच्या आत चॉइस फिलिंग करून घेतो.

मग दुसरीकडे हे कसं करतात? आयआयटी उभ्या करताना सरकार समितीने, म्हणजे नलिनी रंजन सरकार यांच्या समितीने, अमेरिकेतल्या एमआयटीचा नमुना समोर ठेवला होता. पहिली आयआयटी 1951 मध्ये खरगपूरला. पवईची 1958 मध्ये, सोव्हिएत मदतीने. कानपूरला तर नऊ अमेरिकी संस्थांनी हात दिला, त्यात खुद्द एमआयटी होती. आता त्या एमआयटीत काय होतं? पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला शाखाच नसते. गणित, भौतिकशास्त्र, रसायन, जीवशास्त्र आणि मानव्यविद्या घ्यायच्या. पहिल्या सत्रात नापास झालात तर त्याची नोंद बाहेर जात नाही, म्हणजे चाखून बघायला भीती नाही. वर्ष संपताना शाखा सांगायची, आणि जी सांगाल ती मिळते. गुणांची अट नाही. शाखांना तिथे आकडे आहेत. 6 म्हणजे इलेक्ट्रिकल आणि संगणक, 8 म्हणजे भौतिकशास्त्र, आणि 24 म्हणजे भाषाशास्त्र व तत्त्वज्ञान. हो, एमआयटीत तत्त्वज्ञान आहे, हे आमच्या जातभाईंनी लक्षात ठेवावं.

आपण नमुना घेतला. प्रयोगशाळा घेतल्या, कार्यशाळा घेतल्या, कानपूरसारख्या ठिकाणी मानव्यविद्याही घेतल्या. पहिलं वर्ष बरंचसं सामाईक ठेवलं, हेही खरं. पण कपाळावर शिक्का मात्र दारातच मारला. वर्षानंतर शाखा बदलायची सोय होती. तिचं काय झालं? ती पहिल्या वर्षाच्या गुणांवर मिळायची. म्हणजे पुन्हा रँक, पुन्हा शर्यत. चाखायचं वर्ष हे दुसरी जेईई झालं. या ताणामुळेच काही आयआयटींनी ती सोय अलीकडे काढून टाकली. ताण गेला असेल, दारही गेलं.

आता आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. पहिला आक्षेप: एमआयटीत वर्षाला हजार-अकराशे मुलं येतात, आमच्याकडे आयआयटींच्याच 17 हजारांहून अधिक जागा. सगळ्यांनी कॉम्प्युटर मागितलं तर? खरं आहे. तिथेही सगळ्यात मोठी गर्दी 6 आकड्याच्या शाखेतच असते. चाखल्यावर सगळे कवी होतात असं मी म्हणत नाही. कॉम्प्युटर सायन्स हा सुंदर विषय आहे, तो चाखून घेणाऱ्याला माझा नमस्कार. तक्ता बघून घेणाऱ्याची मला काळजी आहे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. कर्ज काढून शिकवणाऱ्या घराला तुम्ही आवडीचं प्रवचन काय देता? मंडळी, हा आक्षेप मी मान खाली घालून ऐकतो. ज्या घरात पहिला पगार कधी येतो याची वाट बघितली जाते, तिथे पगार हे पूर्ण प्रतिष्ठित कारण आहे. मुलीने म्हणावं, "मला चार वर्षांत घर सावरायचंय, म्हणून हे घेते." ही खरी निवड झाली. तिला कारण स्वतःचं आहे. 'मागच्या वर्षी आधी बंद झालं' हे कुणाचंच कारण नाही.

तिसरा आक्षेप गोड असतो: शाखेने काही बिघडत नाही. मनोहर पर्रीकर पवईचे मेटलर्जीचे, गोव्याचे मुख्यमंत्री आणि देशाचे संरक्षणमंत्री झाले. सुंदर पिचाई खरगपूरचे मेटलर्जीचे, गूगल चालवतात. खरंच आहे. शाखा म्हणजे जन्मठेप नव्हे, एवढं यातून घ्यावं. पण 'बिघडत नाही' हे पोहोचलेल्यांकडे बघून म्हणायला सोपं आहे. चार वर्षं नावडत्या विषयाच्या वर्गात मागच्या बाकावर बसून जो मुलगा स्वतःला मठ्ठ समजू लागतो, त्याच्या नावाने कुणी उदाहरण देत नाही.

मग करायचं काय? संस्था बदलतील तेव्हा बदलतील. घरी एक करता येतं. त्या दिवशी मी भाचीच्या मुलीला विचारलं, "तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या मंगळवारी दुपारी तू काय करत असशील?" ती गप्प. पगार माहीत, पॅकेज माहीत, मंगळवार माहीत नाही! मेटलर्जीत त्या दुपारी धातूचा तुकडा घासून, चकचकीत करून, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कण बघायचे असतात. सिव्हिलमध्ये काँक्रीटचा ठोकळा अठ्ठाविसाव्या दिवशी दाबून फोडायचा असतो. केमिकलमध्ये किती आत गेलं, किती बाहेर आलं याचा हिशेब जुळवायचा असतो. कॉम्प्युटर सायन्समध्ये प्रोग्रॅम तर लिहायचेच, पण सिद्धताही मांडायच्या असतात, हे कळल्यावर कितीतरी मुलं दचकतात.

मी म्हटलं, यादी भरायला आठ दिवस आहेत. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटेलवर फुकट आहेत. चार शाखांची दोन-दोन बघ. सगळं कळणार नाही, कळायची गरजही नाही. कुठे पुढचं व्याख्यान लावावंसं वाटतं, तेवढं बघ. आणि त्या शाखेत शिकणाऱ्या एखाद्या मुलाला फोन करून विचार, कंटाळा कशाचा येतो?

आठ दिवसांनी आली. तक्त्यात 112 ऐवजी 64 ओळी उरल्या होत्या. मेटलर्जी केमिकलच्या वर गेलं होतं. मी विचारलं, "का गं?" म्हणाली, "आजोबा, पोलाद तेच, पण गार करायचा वेग बदलला की त्याचा स्वभाव बदलतो. मला ते परत बघावंसं वाटलं." तिच्या आईचा चेहरा जरा उतरला होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. शेवटी तिला तिसरंच काही मिळालं, इलेक्ट्रिकल. यंत्राने आपलं काम केलं. आठ दिवसांत आयुष्याचं कोडं सुटतं असा माझा दावा नाही. पण त्या यादीतल्या प्रत्येक ओळीला आता तिचं स्वतःचं काहीतरी कारण होतं, चुकीचं असेल तरी तिचं. आणि स्वतःची चूक माणसाला दुरुस्त करता येते. उसनी चूक दुरुस्त करायची कुणी?

आज घरी गेल्यावर, ज्यांच्या घरात बारावीचं मूल आहे त्यांनी त्याच्या यादीतल्या कुठल्याही दोन ओळींवर बोट ठेवून एकदा विचारा: हे वर का? आणि मग, मंडळी, कृपा करून गप्प बसा. मी त्या वेळी गप्प बसलो नव्हतो. त्या मुलाच्या स्फटिकांची खोकी अजून त्याच्या आईकडे, माळ्यावर आहेत म्हणे.